सगूची तहान

कुमुदला रात्रभर झोप लागली नाही, आणि कारण कुणाला सांगावं तर लोक हसले असते. घरात कुणी आजारी नव्हतं, छपरावरची कौलं जागच्या जागी होती, गोठ्यात शेळी शांत रवंथ करत होती. कारण एवढंच होतं, की तिची लेक सगू कितीतरी दिवसांत 'आई, मला तहान लागलीय' असं म्हणाली नव्हती.

पोरं दिवसभरात किती वेळा तहानतात! अंथरुणात घातलं की तहानतात, गोष्ट रंगात आली की तहानतात, आईचे दोन्ही हात पिठात असले, तर हमखास तहानतात. आणि ही सहा वर्षांची सगू, वेणीत अबोलीचं फूल, गालावर तिळाएवढा तीळ, उन्हातून धावत यायची, ओठ पापडासारखे सुकलेले असायचे, आणि पेला पुढे केला की म्हणायची, "नको. मला नाही तहान."

पेला मात्र घ्यायची. दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून जिभेचं टोक बाहेर काढून, हळूहळू कुठेतरी निघून जायची. परत यायची तेव्हा पेला रिकामा असायचा आणि ओठ तसेच कोरडे.

कुमुद शिकलेली होती. वाडीत कुणाचं पत्र आलं की वाचायला तिलाच बोलवायचे. पण शिकलेल्या बाईला काळजी करायला चार शब्द जास्त सापडतात, एवढाच काय तो फायदा. तिनं रात्रभर ते सगळे शब्द वापरून पाहिले. पोरीला काही झालंय का? आपलं काही चुकलंय का? चुकलंच असणार. पण नक्की काय?

तिची वाडी होती पाझरवाडी. मऊ, मोरपंखी डोंगराच्या कुशीत, मांजरीच्या पोटाशी पिल्लं बिलगावीत तशी तिची घरं बिलगलेली. वाडीच्या वरच्या अंगाला एक काळाभोर कातळ होता, त्या कातळात एक अरुंद कपार होती आणि कपारीतून यायचा झरा. कधीकाळी तो दंडाएवढा जाड होता. चांदीसारखा चमकायचा, खडकावरून उड्या मारायचा, गाणं गुणगुणत दरीत उतरायचा. निळे, तांबडे, सोनेरी चतुर त्याच्यावर भिरभिरायचे.

मग आसपासच्या गावांच्या विहिरी आटल्या, आणि माणसं पाझरवाडीला येऊ लागली. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, पाठीवर लेकरं. पाझरवाडीनं कुणाला नाही म्हटलं नाही. जुनी घरं झाली खालची आळी, नवी झाली वरची आळी. डोंगराच्या अंगावर लालचुटूक कौलांची घरं चढत गेली, चढत गेली. दोन्ही आळ्यांत बाळं जन्मली. सकाळी पाखरांच्या किलबिलीपेक्षा पाळण्यांची करकर मोठी वाटायची.

आणि पाझरवाडीत एक गोड रीत होती. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर आली की पाच खडे घेऊन यायची. छान धुतलेले, गुळगुळीत, हळदीकुंकवानं माखलेले. झऱ्याला हात जोडायची आणि म्हणायची, "झऱ्या रे झऱ्या, आमच्याकडे नवं माणूस आलंय. ओळख ठेव, त्याच्यापुरतं पाणी सोड." मग ते पाच खडे कपारीत टाकायची. टुप, टुप, टुप, टुप, टुप! सगूच्या वेळी कुमुदनं माहेरच्या नदीतले खडे आणले होते. पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या पोटावर एक निळी रेघ. ती गोष्ट सगूला इतक्यांदा सांगून झाली होती, की आई एखादा शब्द विसरली तर सगूच तो भरायची.

पण अलीकडे झरा बारीक झाला होता. दंडाएवढा होता तो मनगटाएवढा झाला, मग बोटाएवढा, आणि आता तर सुतासारखा. माणसं मात्र वाढतच होती. पाणवठ्यावर घागरींची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. खालच्या आळीचे म्हातारे दाजीबा, ज्यांचा शब्द वाडीत चालायचा, त्यांनी तर सांगूनच टाकलं होतं, "वरच्या आळीनं आता दुसरं पाणी शोधावं. आणि त्यांचे खडे झऱ्यात टाकायचे नाहीत. झऱ्यानं ओळखायचं तरी किती जणांना?"

अशात कुमुदच्या घरी आणखी एक पाळणा हलायचा होता. आता कळलं ना, तिला झोप का लागली नाही?

उजाडता उजाडता सगूनं पेला उचलला आणि ती पाय न वाजवता बाहेर पडली. कुमुदनं कमरेवर रिकामी घागर घेतली. कुणी विचारलंच तर पाण्याला चाललेय म्हणून सांगता आलं असतं. ती लेकीच्या मागोमाग निघाली.

वाट झऱ्याच्या बाजूनं रानात शिरत होती. पळस पेटल्यासारखा फुलला होता. कोळ्यांच्या जाळ्यांवर दवाचे थेंब मण्यांसारखे ओवलेले होते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या इवल्या फुलांनी घमघमत होत्या, आणि त्यातल्याच एका जाळीमागं कुमुद लपली. खरं तर तिचं पोट काही लपण्यासारखं राहिलेलं नव्हतं. पण आई झाल्यापासून न जमणाऱ्या गोष्टी करायची तिला सवय झाली होती.

सगू एका खोलगट जागी उकिडवी बसली. तिथं तिनं मातीची चिमुकली पाळ घातली होती, बशीएवढी. त्या बशीत, सुकत आलेल्या चिखलात, नखाएवढी हिरवी बेडकुली बसली होती.

"घे गं, चिंगे," सगू म्हणाली आणि पेला हळूच कलता केला. "आज जरा कमी आहे हं. वाटेत ठेच लागली."

चिंगीनं डोळे मिचकावले. पाण्याचं इवलंसं तळं झालं. त्या तळ्यात पळसाची केशरी सावली पडली. ती सावली थरथरली, पिवळी झाली, सोनेरी झाली आणि त्या सोनेरी उजेडातून, कमळाच्या कळीतून पाकळी सुटावी तशी, एक परी वर आली. करंगळीएवढी! चतुरासारखे आरपार पंख, त्यांवर इंद्रधनुष्याच्या रेघा. झगा शेवाळ्याच्या मखमलीचा. हातात गवताची काडी, आणि काडीला लटकलेले तीन थेंब. एक गुलाबी, एक निळा आणि एक नुसता लखलखीत.

'झोप कमी झाली की असं दिसतं,' कुमुदनं स्वतःला समजावलं आणि डोळे चोळले. परी तिथंच होती.

"सगुणा," परी घुंगराच्या आवाजात म्हणाली, "हे पाणी तर तुझ्या वाट्याचं. तू का नाही प्यालीस?"

"माझं जास्तीचं आहे."

"जास्तीचं? आणि ओठांना भेगा पडल्यात त्या?"

सगूनं ओठ आत ओढून घेतले. मग म्हणाली, "मी सवय करतेय."

"कसली गं?"

"तहान न लागायची. आमच्याकडे बाळ येणारेय ना. आई बाबांना म्हणाली, 'आता आणखी एक तोंड, पाणी पुरायचं कसं?' मग मी ठरवलं, आपलं तोंड काढून घ्यायचं. म्हणजे तेवढीच तोंडं झाली. झालं की नाही बरोबर?"

जाळीमागं कुमुदच्या दंडात करवंदीचा काटा चांगला खोल रुतला होता. तो तिला कळलाही नाही. भाकरी थापता थापता नवऱ्याशी बोललेलं एक वाक्य! कोपऱ्यात सागरगोटे खेळणारी पोर आपल्याच नादात आहे, असं तिला वाटलं होतं.

"आणि या बेडकुलीचं तोंड?" परीनं विचारलं.

"तिचं तोंड केवढंसं आहे!" सगू हसली. "ती कुठून आली मला माहीत नाही. पण आता आलीय ना."

परीनं पंख मिटले, उघडले. रानभर चांदण्यांचा चुरा उधळल्यासारखा झाला.

"माझ्याकडे तीन थेंब आहेत, राणी. एका थेंबाला एक इच्छा. पण आधी नियम ऐक. मला पाणी बनवता येत नाही. मी ते फक्त इकडचं तिकडं करू शकते. आणि मागितलेलं परत द्यायचं झालं, तर त्यालाही एक थेंब खर्च होतो."

सगूनं पुढचं नीट ऐकलं नसावं. "माझ्या आईची घागर भरू दे!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

गुलाबी थेंब टपकला. आणि जाळीमागं कुमुदच्या कमरेवरची घागर एकदम जड झाली. गार, काठोकाठ, तुडुंब! पाण्यात पांढरं फूल पडलं आणि गोल गोल फिरू लागलं. इतकं पाणी कुमुदनं कित्येक दिवसांत एका जागी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या आळीतून आरोळी आली. "अगं बया! माझी घागर! आत्ता तर भरून ठेवली होती गं! कुणी ओतून नेली? या खालच्या आळीवाल्यांच्या डोळ्यात आमचं पाणी खुपतंच मेलं!"

आवाज हौसाबाईचा होता. आवाजानं डोंगर हलवणारी बाई आणि घरात दोन पाळणे.

कुमुदनं घागरीच्या गळ्याला हात घट्ट आवळला. कुणी पाहिलं नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. घरी सगूला पोटभर पाजता आलं असतं, तिचे केससुद्धा धुऊन देता आले असते.

पण सगू ताडकन उभी राहिली होती. "परत दे! परी, ते हौसामावशीचं आहे, तिला परत दे!"

निळा थेंब टपकला. घागर पिसासारखी हलकी झाली. आरोळी मधेच थांबली, आणि थोड्या वेळानं बारीक आवाजात ऐकू आलं, "हात्तिच्या! भरलेलीच की. झोप उतरली नाही वाटतं माझी."

कुमुदला बरं वाटलं. खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, आणि वाईट वाटल्याचं आणखी वाईट वाटलं.

"आता एकच थेंब," परी म्हणाली. "नीट विचार करून माग."

'पेलाभर तुझ्यासाठी माग गं, सोन्या,' कुमुद मनात म्हणत होती. 'एकदा तरी तुझ्यासाठी माग.'

सगूनं नाक खाजवलं. झऱ्याच्या दिशेनं पाहिलं. "झऱ्याला बरं नाहीये का?" तिनं विचारलं. "आई म्हणते, तो पूर्वी गायचा. मला आत जाऊन त्याला विचारायचंय, काय झालंय तुला?"

परीचा चेहरा उजळला. "हे आजवर मला कुणीच मागितलं नव्हतं. सगळे आपले पाणी मागतात. पण आत जायचं तर तुला लहान व्हावं लागेल, चिंगीच्या पाठीवर मावशील एवढं. आणि ऊन काळ्या कातळाला टेकायच्या आत बाहेर यायचं. थेंब सुकला की वाट मिटली."

"थांबा!" कुमुद जाळीतून बाहेर आली. पदर एकीकडे अडकलेला, केसांत फुलं आणि पानं.

"आलात का?" परी हसली. "मी म्हटलं, अजून किती वेळ काटे टोचून घेणार!"

"मी जाते आत. ती लहान आहे."

"लहान आहे म्हणून तर मावेल. मोठ्या माणसांना लहान करणं अवघड असतं हो. मनात सामान फार."

"आई, मी जाऊ?" सगूनं विचारलं. तिचे डोळे दवासारखे चमकत होते.

कुमुदनं तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द ओठांवर तयारच होता, आयांच्या ओठांवर तो नेहमीच तयार असतो. मग तिचं लक्ष लेकीच्या भेगाळलेल्या ओठांकडे गेलं. तिनं पदराच्या काठातून एक लांबच लांब जांभळा धागा ओढून काढला आणि सगूच्या मनगटाला बांधला. "हा सोडायचा नाही. दुसरं टोक माझ्या हातात."

"एकदा ओढला म्हणजे मी बरी आहे," सगू म्हणाली. "दोनदा ओढला म्हणजे मला बाहेर काढ."

"आणि तीनदा?"

"तीनदा म्हणजे गंमत दिसली!"

लखलखीत थेंब टपकला. सगू लहान झाली, आणखी लहान झाली, चाफ्याच्या कळीएवढी झाली. तिनं चिंगीच्या हिरव्या पाठीवर टांग टाकली, आणि टुणूक, टुणूक, टुणूक! दोघी झऱ्याच्या काळ्या कपारीत दिसेनाशा झाल्या.

कुमुद कातळापाशी गुडघे टेकून बसली. धागा तिच्या बोटांतून सरकत होता. परीनं गवताच्या काडीनं कपारीखालच्या ओंजळभर पाण्याला स्पर्श केला, तसा त्या पाण्याचा आरसा झाला.

आरशात आधी नुसता निळा अंधार दिसला. मग काजव्यासारखा उजेड. शेवाळ्याची झुंबरं, अभ्रकाच्या चकाकत्या भिंती, छतावरून लोंबणारे मोत्यांसारखे थेंब. त्यांतून चालली होती बेडकुलीवर स्वार झालेली एक एवढीशी मुलगी. धाग्याला एक हिसका बसला. मी बरी आहे. कुमुदनं अडवून ठेवलेला श्वास सोडला.

मग सगू थांबली. तिच्यापुढं एक भिंत होती. पिवळी, तांबडी, हळदीच्या आणि कुंकवाच्या रंगाची, खालपासून वरपर्यंत गच्च. भिंतीपलीकडून आवाज येत होता. तो गाण्याचा होता की रडण्याचा, ते कळत नव्हतं. पाणी पलीकडं कोंडलेलं होतं. एका फटीतून तेवढी सुताएवढी धार निसटत होती.

धाग्याला तीन हिसके बसले. गंमत दिसली!

"खडे," कुमुद पुटपुटली. "अगं आई गं! हे तर आपले खडे."

आरशात सगू त्या भिंतीवर चढली. खडा न् खडा हातानं पुसून बघू लागली. आणि ऊन उतरत होतं. ते पळसावर आलं, करवंदीवर आलं, कातळापासून वीतभर राहिलं.

"सगू, ये गं," कुमुद म्हणाली. सगूला एक पांढरा खडा सापडला होता. तिनं तो ओढला. हलेना. पाय टेकवून ओढला. हलेना. ऊन चार बोटांवर आलं. कुमुदनं धागा ओढला, दोनदा, आणि धागा सैल होऊन तिच्या हातात आला. टोकाला काहीच नव्हतं.

आरसा विझला.

पुढं किती वेळ गेला ते कुमुदला कधीच सांगता आलं नाही. आतून एक आवाज आला, बाटलीचं बूच निघावं तसा, आणि कपारीतून बोटभर जाड धार उसळली. तिच्यावर स्वार होऊन आली चिंगी, आणि चिंगीच्या पाठीवर सगू! कातळाला ऊन टेकलं न टेकलं तोच सगू पहिल्याएवढी मोठी होऊन धप्पकन आईच्या मांडीवर पडली. नखशिखांत ओली. मुठीत एक पांढरा खडा, पोटावर निळी रेघ असलेला.

"आई, हा माझा!" ती धापा टाकत म्हणाली. "झरा आटला नाहीये. तो आत आहे. आपण त्याच्या वाटेत एवढं ठेवून दिलंय, तो बाहेर येणार कसा?"

कुमुदनं तिला पोटाशी धरलं. आधी रागावावं की रडावं हे ठरेना, म्हणून तिनं दोन्ही एकदमच केलं.

एव्हाना घागरी घेऊन दोन्ही आळ्यांची माणसं येऊ लागली होती. परी अबोलीच्या फुलात लपली. सगूनं पाहिलेलं सगळं सांगितलं, हातवारे करून, चिंगीच्या उड्यांसकट.

"खडे काढायचे?" दाजीबांनी काठी आपटली. "पोरी, माझ्या आजीच्या आजीपासून टाकतायत ते! खडा काढला की झरा त्या माणसाला विसरतो. आहे कुणाची छाती?"

कुणी पुढं झालं नाही. रांगेतल्या खालच्या आळीच्या प्रत्येक आईचा हात आपोआप आपल्या लेकराच्या डोक्यावर गेला. त्या खड्यांना त्यांनी स्वतःच्या हातांनी हळद लावली होती. ते आडवे आले असतील, पण ते प्रेमानंच टाकले होते ना!

पुस्तकं शिकलेली असली तरी कुमुदलाही ती भीती वाटत होतीच. सगूचे अजून चार खडे आत होते. काढले, आणि खरंच झरा विसरला तर?

सगूनं तिचा पदर ओढला. "आई, झरा मला विसरला तरी तू नाही ना विसरणार?"

"नाही गं, राणी."

"मग झालं तर."

कुमुदनं पदर खोचला आणि कपारीत हात घातला. पहिला पांढरा खडा निघाला, दुसरा निघाला. हात आणखी आत जाईना. तेवढ्यात शेजारी एक लांब, बांगड्यांनी भरलेला हात आला.

"सरका बाई," हौसाबाई म्हणाली. "अवघडलेल्या बाईनं एवढं वाकायचं नसतं. आमचे खडे आत नाहीत, दाजीबांनी टाकूच दिले नव्हते. बरं झालं म्हणायचं, नाहीतर सुताएवढं पाणीही दिसलं नसतं!"

दाजीबा सोडून सगळे हसले. आणि हसता हसता हात पुढं आले. खालच्या आळीचे, वरच्या आळीचे, मेंदीचे, घट्टे पडलेले, लहान, मोठे. पिवळे खडे, तांबडे खडे, शेंदरी खडे, ठिपक्यांचे खडे. सगूच्या परकराच्या ओच्यात ढीग झाला. शेवटी हौसाबाईनं खांद्यापर्यंत हात घालून तळाचा एक खडा काढला. झिजून मटाराएवढा झालेला, त्यावर शेंदराचा जुना डाग. "हा घ्या, दाजीबा. शेंदूर तुमच्याच घरचा ना? हा तुम्हीच असणार."

दाजीबांनी तो तळहातावर घेतला. "एवढासा होतो होय मी," ते म्हणाले.

आणि मग झरा आला. धो धो नाही, पूर नाही. मनगटाएवढी एक चकचकीत धार आली, खडकावर टेकली, आणि विसरलेलं गाणं आठवावं तसं हळूहळू गुणगुणू लागली. कुठूनसे चतुर आले, निळे, तांबडे, सोनेरी.

सगूच्या वेणीतलं अबोलीचं फूल उमललं आणि परी सर्वांसमोर आली. लेकरं 'आ' करून बघू लागली. मोठ्यांनीही आ केलाच होता, फक्त त्यांनी तो हातानं झाकला.

"वाट मोकळी झाली," परी म्हणाली. "पण झरा एवढाच आहे बरं का. तुमच्यात आणखी माणसं येतील, आणखी पाळणे हलतील. हा मात्र एवढाच राहील. मी त्यात थेंबाचीही भर घालू शकत नाही."

"मग पुढं कसं व्हायचं?" दाजीबांनी विचारलं. या वेळी काठी आपटली नाही.

परीनं सगूकडं पाहिलं. सगू कुणाकडंच बघत नव्हती. चिंगीचं बशीएवढं तळं सुकेल या काळजीनं ती खाली, पाणी जिथून दरीत निसटून जायचं तिथं बसली होती, आणि ओच्यातला एकेक खडा ओळीनं मांडत होती. खड्याशेजारी खडा, खड्यावर खडा, मधे चिखल. पाणी त्या ओळीपाशी आलं, थांबलं, मागं वळलं आणि त्याचं परातीएवढं तळं झालं. चिंगीनं त्यात सूर मारला.

दाजीबा बघत राहिले. रात्री सगळी वाडी झोपलेली असताना एवढी वर्षं झरा इथूनच दरीत वाहून जात होता. ते हळूच खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी आपला शेंदरी मटार सगूच्या ओळीत ठेवला. मग हौसाबाईकडं न बघता म्हणाले, "वरच्या आळीनंही आपापले खडे आणावेत. पाळण्यागणिक पाच."

"आणि झऱ्यात टाकायचे?" हौसाबाईनं डोळे बारीक करून विचारलं.

"बांधावर ठेवायचे," दाजीबा म्हणाले. "जेवढी बाळं, तेवढा बांध उंच. आणि आज पहिली घागर तुझी. भर, आणि ओरडणं थांबव."

"ओरडले नसते, तर ऐकू आलं असतं का तुम्हाला?" हौसाबाई म्हणाली, पण हसत.

कुमुद परीजवळ गेली. तिच्या मनातली ती रात्रभर जागलेली काळजी अजून पुरती झोपली नव्हती. "आणि तरीही पुरलं नाही तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर आधी वाकून बघा, कुठं काही अडलंय का," परी म्हणाली. "कधी कधी कुठंच अडलेलं नसेल. तेव्हा सगळ्यांनी घोटभर कमी प्यायचं. पण सगळ्यांनी हं. एकट्या लेकरानं नाही."

कुमुदच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

मग परी सगूच्या खांद्यावर जाऊन बसली. "तीन थेंब तुझे होते, राणी," ती म्हणाली, "आणि एकही तू स्वतःसाठी मागितला नाहीस. माझ्याकडे आता थेंब उरला नाही. पण एक गोष्ट मी तुला सांगून जाते." ती सगूच्या कानाशी वाकली आणि कुणालाच ऐकू येणार नाही असं काहीतरी कुजबुजली.

तिचे पंख उघडले. त्यांच्यावरच्या इंद्रधनुष्याच्या रेघा सुटल्या आणि पाण्यावर पसरल्या. बांधावरचा खडा न् खडा दिव्यासारखा पेटला, पिवळा, तांबडा, शेंदरी, पांढरा. सगळा डोंगर क्षणभर सोन्याचा झाला. मग तो उजेड वर उठला, पळसाच्या शेंड्याला टेकला आणि उन्हात ऊन मिसळावं तसा मिसळून गेला. गवताची एक काडी तेवढी पाण्यावर तरंगत राहिली.

कुमुद लेकीजवळ गुडघ्यांवर बसली. तिनं सगूच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. "काय म्हणाली गं परी?"

दाजीबांनी कान पुढं केला. हौसाबाईनं घागर खाली ठेवली. सगूनं नाक खाजवलं, आईच्या पोटाकडं पाहिलं, गाणाऱ्या पाण्याकडं पाहिलं, आणि म्हणाली,

"आई, मला तहान लागलीय."